विश्लेषण : लिथुआनियन तरली, मग गॅलिशियन का मागे पडते आहे? युरोपातील दोन भाषांची तुलना काय सांगते?

एका भाषेवर झारने ४० वर्षे छपाईबंदी घातली, तरी ती आज एका देशाची राजभाषा आहे. दुसरी एकेकाळी राजदरबारातील कवितेची भाषा होती, पण आज तिच्याच प्रदेशातील अनेक मुलांना ती धड बोलता येत नाही. असे का झाले?

‘दिएवास दावे दान्तिस, दिएवास दुओस इर दुओनोस.’ लिथुआनियातील ही म्हण भारतीय समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असते. तिचा अर्थ असा, की देवाने दात दिलेत, तर तो भाकरीही देईल. मराठीत यालाच ‘ज्याने चोच दिली, तो चाराही देईल’ असे म्हणतात. देव, दात, देणे हे शब्द या परक्या वाक्यातून लगेच ओळखू येतात. मग ‘लिथुआनियन म्हणजे संस्कृतच’ असा मथळा लावून मजकूर पुढे पाठवला जातो.

युरोपच्या दुसऱ्या टोकाला, स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिशियन ही आणखी एक लहान भाषा आहे. तिच्याविषयी असे मजकूर फिरत नाहीत. मात्र गेली काही वर्षे ती युरोपीय संघाच्या बैठकांत चर्चेत आहे. संघाच्या अधिकृत भाषांच्या यादीत तिला स्थान मिळावे, अशी स्पेनची मागणी आहे. २०२५ मध्ये मे आणि जुलै अशा दोन महिन्यांत हा विषय बैठकीपुढे आला आणि दोन्ही वेळा निर्णयाविना पुढे ढकलला गेला. लिथुआनियनला हे स्थान २००४ मध्येच मिळाले आहे.

दोन्ही भाषा बोलणाऱ्यांच्या संख्येत फार फरक नाही. दीडशे वर्षांपूर्वी दोघींची अवस्थाही जवळपास सारखीच होती. तरीही दोघींच्या वाटा इतक्या वेगळ्या का झाल्या?

या भाषा कुठे आणि किती लोक बोलतात?

लिथुआनियन ही बाल्टिक समुद्राकाठच्या लिथुआनिया देशाची राजभाषा. देशाची लोकसंख्या २९ लाखांच्या आसपास आहे. परदेशात स्थायिक झालेल्यांना धरून ही भाषा बोलणारे साधारण ३० लाख लोक आहेत. बाल्टिक भाषागटातील आज जिवंत असलेल्या भाषा दोनच, लिथुआनियन आणि शेजारच्या लॅटव्हियाची लॅटव्हियन. या गटातील जुनी प्रशियन भाषा केव्हाच लोप पावली.

गॅलिशियन ही स्पेनमधील गॅलिशिया या स्वायत्त प्रदेशाची भाषा. युक्रेन आणि पोलंडच्या सीमेवरील गॅलिशिया या ऐतिहासिक प्रदेशाशी तिचा संबंध नाही. नावातील साम्यामुळे हा गोंधळ अनेकदा होतो. स्पेनमधील गॅलिशियाची लोकसंख्या सुमारे २७ लाख आहे आणि गॅलिशियन येणाऱ्यांची संख्या साधारण २४ लाख सांगितली जाते. लॅटिनपासून निघालेल्या या भाषेची सख्खी बहीण म्हणजे पोर्तुगीज. मध्ययुगात या दोघी मिळून एकच भाषा होती आणि अभ्यासक तिला ‘गॅलिशियन-पोर्तुगीज’ म्हणतात.

दोघी एकाच कुळातल्या, मग इतक्या वेगळ्या कशा?

लिथुआनियन, गॅलिशियन आणि मराठी या तिन्ही भाषा भारोपीय, म्हणजे इंडो-युरोपियन कुळातल्या आहेत. त्यामुळे काही शब्द तिन्हीकडे ओळखीचे वाटतात.

– देव : लिथुआनियन ‘दिएवास’, गॅलिशियन ‘देउस’
– दात : लिथुआनियन ‘दान्तिस’, गॅलिशियन ‘देन्ते’
– रात्र (संस्कृत ‘नक्तम्’) : लिथुआनियन ‘नाक्तिस’, गॅलिशियन ‘नोइते’
– धूर (संस्कृत ‘धूम’) : लिथुआनियन ‘दूमास’, गॅलिशियन ‘फुमे’
– सात : लिथुआनियन ‘सेप्तिनी’, गॅलिशियन ‘सेते’
– आठ : लिथुआनियन ‘अश्तुओनी’, गॅलिशियन ‘ओइतो’

म्हणजे संस्कृतशी नाते फक्त लिथुआनियनचे नाही, गॅलिशियनचेही आहे. पण लिथुआनियन शब्दांची ठेवण जुनी राहिली, म्हणून तिच्यातले साम्य पटकन डोळ्यांत भरते. अग्नीला ‘उग्निस’ आणि मुलाला ‘सूनुस’ (संस्कृत ‘सूनु’) म्हणणारी ही भाषा तुलनात्मक भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना गेली दोन शतके खुणावते आहे.

व्याकरणात मात्र दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लिथुआनियनमध्ये सात विभक्ती आहेत. मराठी शाळेत विभक्तीचे तक्ते पाठ केलेल्यांना हा प्रकार नवा नाही. घर म्हणजे ‘नामास’, घराला म्हणजे ‘नामुइ’, घरात म्हणजे ‘नामे’. नामाचा शेवट बदलतो आणि त्यावरून अर्थ कळतो. गॅलिशियनने लॅटिनमधल्या विभक्ती केव्हाच सोडून दिल्या. तिथे घर म्हणजे ‘आ कासा’, घरात म्हणजे ‘ना कासा’, घराचे म्हणजे ‘दा कासा’. नाम तसेच राहते आणि आधीचा छोटा शब्द बदलतो.

लिथुआनियनची ही सवय परक्यांच्या नावांनाही लागू होते. तिथली वृत्तपत्रे अमेरिकेच्या अध्यक्षांना ‘दोनाल्दास त्रुम्पास’ असे लिहितात, कारण शेवटी प्रत्यय लागल्याशिवाय पुरुषाचे नाव वाक्यात नीट बसत नाही.

गॅलिशियनचीही स्वतःची वैशिष्ट्ये आहेत. ‘गेला होतास का?’ या प्रश्नाला मराठी माणूस अनेकदा ‘हो’ऐवजी ‘गेलो होतो’ असे क्रियापदानेच उत्तर देतो. गॅलिशियन माणसाची रीतही हीच. स्पॅनिश बोलणाऱ्याला ही गोष्ट लगेच जाणवते.

मग लिथुआनियन ही ‘जगातील सर्वात जुनी भाषा’ आहे का?

नाही. आज बोलली जाणारी प्रत्येक भाषा तितक्याच जुन्या परंपरेतून आलेली असते. फरक असतो तो बदलाच्या वेगात. लिथुआनियनने नामांची जुनी रूपे बऱ्यापैकी जपली, हे खरे. पण तिच्यातही बदल झालेच. उदाहरणार्थ, ‘तो जातो’ आणि ‘ते जातात’ या दोन्हींसाठी तिथे क्रियापदाचे एकच रूप चालते. संस्कृत आणि मराठीने जपलेला हा भेद लिथुआनियनने सोडला.

शिवाय लिथुआनियनमधील पहिले छापील पुस्तक १५४७ चे आहे. मार्तिनास माझ्विदास यांची ती धर्मशिक्षणाची पुस्तिका होती. त्याआधीचे लिखाण फारसे उपलब्ध नाही. ऋग्वेदाची भाषा त्याहून कितीतरी शतके आधीची. त्यामुळे ‘संस्कृत लिथुआनियनमधून आली’ किंवा ‘लिथुआनियन संस्कृतमधून आली’ ही दोन्ही विधाने चुकीची ठरतात. दोघी एकाच पूर्वज भाषेच्या दूरच्या वंशज आहेत.

गॅलिशियनचा मराठीशी काही संबंध आहे का?

थेट नाही, पण तिच्या बहिणीमार्फत आहे. पोर्तुगीज गोव्यात १९६१ पर्यंत होते, वसई आणि चौलमध्येही त्यांची दीर्घकाळ सत्ता होती. त्यांच्याकडून मराठीत आलेले ‘चावी’, ‘पगार’, ‘पाव’, ‘कोबी’ हे शब्द आज कुणालाच परके वाटत नाहीत. यांपैकी बरेच शब्द गॅलिशियनमध्येही आहेत. तिथे पैसे देणे म्हणजे ‘पगार’ आणि किल्ली म्हणजे ‘चावे’.

यातली एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. आजच्या प्रमाण पोर्तुगीजमध्ये किल्लीच्या शब्दाची सुरुवात ‘श’ने होते. सोळाव्या शतकात तिथे ‘च’ होता आणि मराठीने तो तेव्हाच उचलला. गॅलिशियनने हा ‘च’ आजही सोडलेला नाही. त्यामुळे मराठी ‘चावी’चा पहिला उच्चार लिस्बनपेक्षा गॅलिशियातल्या खेड्याला अधिक जवळचा आहे.

दीडशे वर्षांपूर्वी दोघींची स्थिती काय होती?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दोन्ही भाषा शेतकऱ्यांच्या होत्या. शिकलेल्यांनी आणि श्रीमंतांनी त्या टाळायच्या, असा दंडक होता.

लिथुआनियाचे महाराज्य एकेकाळी युरोपातील मोठ्या राज्यांपैकी एक होते. पण त्याच्या दप्तरात पूर्व स्लाव्हिक वळणाची भाषा, लॅटिन आणि नंतर पोलिश वापरली जाई. सरदार-जमीनदार हळूहळू पोलिश बोलू लागले. लिथुआनियन उरली ती शेतात आणि चुलीपाशी.

गॅलिशियनची घसरण अधिक उंचावरून झाली. तेराव्या शतकात कॅस्टिलचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या दरबारात भक्तिकाव्य याच भाषेत रचले गेले. पुढे सत्ता आणि कारभार कॅस्टिलियन, म्हणजे स्पॅनिश भाषेकडे गेला. सोळाव्या ते अठराव्या शतकापर्यंतच्या काळाला गॅलिशियन साहित्याचा इतिहास ‘अंधारी शतके’ म्हणतो, कारण या काळात भाषा बोलली जात होती, पण लिहिली जवळजवळ जात नव्हती.

एकोणिसाव्या शतकात दोन्हीकडे जाग आली. गॅलिशियात १८६३ मध्ये रोसालिया दे कास्त्रो या कवयित्रीचा ‘कान्तारेस गायेगोस’ हा काव्यसंग्रह आला आणि नव्या गॅलिशियन साहित्याची सुरुवात झाली. लिथुआनियन भाषेत १८८३ मध्ये ‘औश्रा’ (पहाट) हे नियतकालिक सुरू झाले. योनास बासानाविचुस हे त्याचे प्रवर्तक. हे नियतकालिक मात्र लिथुआनियात छापता येत नव्हते. ते शेजारच्या प्रशियात छापले जाई आणि लपूनछपून सीमेपार नेले जाई.

छपाईबंदी काय होती?

लिथुआनिया तेव्हा रशियन साम्राज्यात होता. १८६३ च्या उठावानंतर झारच्या प्रशासनाने लॅटिन लिपीतील लिथुआनियन छपाईवर बंदी आणली. १८६४-६५ पासून १९०४ पर्यंत ती लागू होती. बंदी बोलण्यावर नव्हती, अक्षरांवर होती. लिथुआनियन छापायची तर रशियन लिपीत छापा, असे सरकारचे म्हणणे होते. लोक रशियन लिपीत लिहू लागले, की पुढे भाषा आणि धर्मही बदलतील, असा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब साफ चुकला. सरकारने रशियन लिपीत छापलेली पुस्तके शेतकऱ्यांनी घेतली नाहीत. त्याऐवजी प्रशियातील तिल्झिट आणि इतर गावांत छापलेली पुस्तके पोत्यात, गवताखाली, कपड्यांच्या आत लपवून आणली जाऊ लागली. ही पुस्तके वाहणाऱ्यांना ‘क्निग्नेशिस’, म्हणजे पुस्तकवाहक म्हणत. पकडले गेल्यास सैबेरियात हद्दपारी ठरलेली. सीमेवर गोळीही लागू शकत होती. युर्गिस बिएलिनिस हे त्यांच्यातील सर्वात प्रसिद्ध नाव. १६ मार्च हा त्यांचा जन्मदिवस लिथुआनियात पुस्तकवाहकांचा दिवस म्हणून पाळला जातो.

शाळांची सोय घरातच झाली. आई चरख्यावर सूत कातते आहे आणि शेजारी मूल पुस्तकातली अक्षरे लावते आहे, हे त्या काळाचे चित्र लिथुआनियात आजही शिल्पांतून दिसते. याच काळात शेतकऱ्याच्या बोलीची प्रमाणभाषा झाली. योनास याब्लोन्स्किस यांचे गाजलेले व्याकरण १९०१ मध्ये टोपणनावाने आणि तेही परदेशात छापावे लागले. पोलिश पद्धतीची जोडाक्षरे टाकून चेक भाषेतील डोक्यावर खूण असलेली अक्षरे घेतली गेली. पोलिशपासून वेगळे दिसणे हादेखील त्यामागचा हेतू होता.

वाटा कुठे वेगळ्या झाल्या?

१६ फेब्रुवारी १९१८ रोजी लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केले. त्यानंतरच्या २२ वर्षांत शाळा, न्यायालय, सैन्य, विद्यापीठ, सारे काही लिथुआनियनमध्ये उभे राहिले. शेतकऱ्याच्या भाषेतून वकील आणि डॉक्टर घडू लागले. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने देश गिळंकृत केला. रशियनचे वर्चस्व वाढले, तरी लिथुआनियन शाळा आणि विद्यापीठे चालू राहिली. १९८९ च्या जनगणनेत प्रजासत्ताकातील सुमारे ८० टक्के लोक लिथुआनियन होते. ११ मार्च १९९० रोजी देश पुन्हा स्वतंत्र झाला, तेव्हा भाषा नव्याने उभी करावी लागली नाही.

गॅलिशियाची संधी थोडक्यात हुकली. स्वायत्ततेच्या मसुद्यावर २८ जून १९३६ रोजी जनमत घेण्यात आले आणि कौल मोठ्या फरकाने बाजूने लागला. तीन आठवडेही झाले नाहीत तोच लष्करी उठाव झाला आणि स्पेनमध्ये यादवी पेटली. ती जिंकून जवळपास चार दशके सत्तेवर राहिलेले जनरल फ्रान्सिस्को फ्रँको स्वतः गॅलिशियातील फेरोल या गावचे. त्यांच्या राजवटीत गॅलिशियनला शाळेत आणि कार्यालयात स्थान नव्हते. गॅलिशियन बोलणारा तो अडाणी खेडूत, हा शिक्का या काळात अधिक घट्ट बसला. अनेक आईवडिलांनी मुलांशी स्पॅनिशमध्ये बोलायला सुरुवात केली. मुलांचे भले व्हावे, एवढाच त्यांचा उद्देश होता.

लोकशाही आल्यावर १९८१ च्या स्वायत्तता कायद्याने गॅलिशियनला स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत दर्जा दिला. १९८३ मध्ये भाषेचा प्रसार करणारा कायदा झाला. त्यात प्रत्येक गॅलिशियन नागरिकाने ही भाषा जाणणे हे कर्तव्य आहे, असे म्हटले होते. १९८६ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने हे कर्तव्य रद्द ठरवले. स्पेनच्या राज्यघटनेनुसार स्पॅनिश जाणणे हे कर्तव्य आहे, गॅलिशियन वापरणे हा हक्क आहे. हक्क आणि कर्तव्य या दोन शब्दांतील अंतर पुढे महागात पडले.

आज गॅलिशियनची स्थिती काय आहे?

वरवर पाहता भाषा सुरक्षित वाटते. प्रादेशिक विधिमंडळ गॅलिशियनमध्ये चालते, १९८५ पासून स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी आहे, शाळेत विषय म्हणून भाषा शिकवली जाते. दरवर्षी १७ मे हा गॅलिशियन साहित्याचा दिवस म्हणून साजरा होतो.

पण गॅलिशियाच्या सांख्यिकी संस्थेने २०२३ सालासाठी केलेल्या पाहणीतून वेगळे चित्र पुढे आले. नेहमी फक्त स्पॅनिश बोलणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २९ टक्के, तर नेहमी फक्त गॅलिशियन बोलणाऱ्यांचे सुमारे २४ टक्के निघाले. स्पॅनिशने गॅलिशियनला मागे टाकल्याची नोंद अशा पाहणीत पहिल्यांदाच झाली. २०१८ मध्ये नेहमी गॅलिशियन बोलणारे ३० टक्क्यांच्या आसपास होते. सर्वात चिंतेची बाब मुलांची आहे. ५ ते १४ वयोगटातील जवळपास एक तृतीयांश मुलांना गॅलिशियन अजिबात बोलता येत नाही किंवा अगदी जुजबी येते.

या घसरणीसाठी भाषाप्रेमी संघटना २०१० च्या शैक्षणिक आदेशाकडे बोट दाखवतात. या आदेशाने विषयांची वाटणी केली आणि गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र हे विषय स्पॅनिशच्या वाट्याला गेले. समतोल राखण्यासाठी ही वाटणी केली, असे सरकारचे म्हणणे. विरोधकांचा आक्षेप असा, की विज्ञानाची भाषा स्पॅनिश आणि आजी-आजोबांची भाषा गॅलिशियन, हा संदेश मुलांना वर्गातच मिळतो.

शहरीकरणाचाही मोठा वाटा आहे. आ कोरुन्या, विगो, फेरोल या शहरांत स्पॅनिशचे प्राबल्य आहे. खेडी ओस पडत आहेत आणि गॅलिशियनचा खरा आधार तीच होती.

सोपी असणे हाच गॅलिशियनचा तोटा आहे का?

बऱ्याच अंशी, होय. इथेच दोन्ही भाषांच्या तुलनेचे मर्म आहे.

लिथुआनियन माणूस पोलिश किंवा रशियन बोलू लागला, तर तो पूर्णपणे वेगळ्या भाषेत जातो. मधला रस्ता नसतो. त्यामुळे भाषा बदलणे हा जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय ठरतो आणि तो इतरांच्याही लक्षात येतो. गॅलिशियन आणि स्पॅनिश मात्र इतक्या जवळच्या आहेत, की एकीतून दुसरीत शिरताना उंबरठाच लागत नाही. दुकानात समोरच्याने स्पॅनिशमध्ये विचारले, की गॅलिशियन माणूस नकळत स्पॅनिशमध्ये उत्तर देतो. कोणी सक्ती करत नाही, कोणाचा अपमान होत नाही. रोजच्या अशा शेकडो प्रसंगांत भाषा थोडी थोडी मागे सरकते. घरात गॅलिशियन बोलली, तरी तिच्यात स्पॅनिश शब्द आणि वाक्यरचना मिसळत जाते.

याच जवळीकीतून लेखनाचा वादही उभा राहिला. गॅलिशियनचे अधिकृत लेखन स्पॅनिश वळणाचे आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेली रॉयल गॅलिशियन अकादमी त्याचे नियम ठरवते. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे, की गॅलिशियन आणि पोर्तुगीज ही मुळात एकच भाषा आहे, मग लेखनही पोर्तुगीज पद्धतीने करावे. तसे केले तर २७ लाखांच्या प्रदेशाला पोर्तुगाल आणि ब्राझीलमधील २० कोटींहून अधिक लोकांचे दार उघडेल. विरोधकांना भीती वाटते, की स्पॅनिशपासून वाचवण्याच्या नादात भाषा पोर्तुगीजमध्ये विरघळेल. २०१४ मध्ये गॅलिशियाच्या विधिमंडळाने पोर्तुगीज शिक्षणाला आणि त्या देशांशी संबंधांना चालना देणारा कायदा केला. लेखनाचे नियम मात्र होते तसेच राहिले.

युरोपीय संघात नेमका काय वाद आहे?

युरोपीय संघाच्या २४ अधिकृत भाषा आहेत. यात जेमतेम पाच लाखांच्या आसपास लोकांची माल्टीज आणि सुमारे ११ लाखांची एस्टोनियनही आहे. गॅलिशियन या दोघींपेक्षा मोठी असूनही यादीत नाही. कारण या यादीत भाषा येते ती सदस्य देशामार्फत. लिथुआनिया १ मे २००४ रोजी संघात आला आणि त्याची भाषाही सोबत आली.

स्पेनने ऑगस्ट २०२३ मध्ये कॅटलान, बास्क आणि गॅलिशियन या तिन्ही भाषांसाठी मागणी केली. यामागे देशांतर्गत राजकारण होते. पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांच्या पक्षाला संसदेत कॅटलान पक्षांच्या पाठिंब्याची गरज होती. सप्टेंबर २०२३ पासून स्पेनच्या कनिष्ठ सभागृहातही या भाषा बोलायला परवानगी मिळाली. गॅलिशियनला मिळालेले हे व्यासपीठ कॅटलानच्या राजकीय ताकदीमुळे आले, हे उघड आहे.

भाषांची यादी बदलण्यासाठी सर्व २७ देशांची संमती लागते. म्हणजे लिथुआनियाचेही एक मत त्यात आहे. काही देशांनी कायदेशीर बाजू आणि खर्च यांवर प्रश्न उपस्थित केले. तिन्ही भाषांसाठी वर्षाला सुमारे १३.२ कोटी युरो लागतील, असा युरोपीय आयोगाचा प्राथमिक अंदाज होता. हा खर्च स्वतः उचलण्याची तयारी स्पेनने दाखवली. उद्या इतर देशांतील अल्पसंख्याकांच्या भाषाही रांगेत उभ्या राहतील, ही धास्तीही चर्चेत आहे.

लिथुआनियनला आता कसलीच चिंता नाही का?

आहे, फक्त तिचे स्वरूप वेगळे आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशाची लोकसंख्या सुमारे ३७ लाख होती. जन्मदर घटला, संघात सामील झाल्यावर लाखो तरुण ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वेकडे गेले. तरुणांच्या मोबाइलवर आणि गेममध्ये इंग्रजी आहे. युक्रेन आणि बेलारूसमधून आलेल्यांमुळे शहरांत रशियन पुन्हा अधिक ऐकू येऊ लागली.

यावर सरकारचे उत्तर कायद्याचे आहे. १९९५ पासून राज्यभाषेचा कायदा आहे, भाषेचे नियम ठरवणारा आयोग आहे आणि ते पाळले जातात का हे पाहणारी यंत्रणाही आहे. १ जानेवारी २०२६ पासून ग्राहकांशी थेट बोलावे लागणाऱ्यांना लिथुआनियनमध्ये सेवा देता आली पाहिजे, असा नियमही करण्यात आला. गॅलिशियात ‘कर्तव्य’ हा एक शब्द न्यायालयात टिकला नाही, त्याच्या शेजारी ठेवून हा नियम पाहायला हवा.

पण सक्तीचीही एक किंमत असते. लिथुआनियात सुमारे साडेसहा टक्के लोक पोलिश आहेत. त्यांची नावे अनेक वर्षे पारपत्रावर लिथुआनियन अक्षरांतच लिहावी लागत. लिथुआनियन वर्णमालेत ‘डब्ल्यू’ नाही, त्यामुळे ज्यांच्या नावात ते अक्षर आहे त्यांना ते सोडावे लागे. परदेशी व्यक्तीशी लग्न केलेल्या लिथुआनियन स्त्रियांनाही याचा त्रास होई. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. अखेर २०२२ मध्ये ‘क्यू’, ‘डब्ल्यू’ आणि ‘एक्स’ ही तीन अक्षरे नावांत वापरण्यास मुभा देणारा कायदा झाला. पोलिशमधील खुणांची अक्षरे मात्र त्यातून वगळलेली राहिली. ज्या समाजाने स्वतःच्या अक्षरांसाठी ४० वर्षे सैबेरियाची शिक्षा पत्करली, त्याच समाजाला दुसऱ्याच्या नावातील एक अक्षर मान्य करायला तीन दशके लागली.

या तुलनेतून काय दिसते?

प्राचीनतेने भाषा वाचत नाही. लिथुआनियन जुन्या वळणाची आहे म्हणून टिकली, असे समजणे सोयीचे आहे, पण तिच्याइतकीच जुन्या वळणाची प्रशियन भाषा नामशेष झाली. साहित्याची थोर परंपराही पुरेशी नसते. तसे असते, तर राजाच्या दरबारात गायली गेलेली गॅलिशियन आज आकडेवारीत मागे पडली नसती. लिथुआनियन तरली, कारण बंदीच्या काळात घराने ती मुलांपर्यंत पोहोचवली आणि नंतर राज्याने ती शाळेत, कार्यालयात, दुकानात आवश्यक केली. गॅलिशियनकडे आज कायदा आहे, अकादमी आहे, वाहिनी आहे. सुटत चालला आहे तो घरातला दुवा.

ब्रुसेल्समध्ये उद्या मंजुरी मिळाली, तर गॅलिशियनचा मान नक्कीच वाढेल. युरोपीय कायदे तिच्यात भाषांतरित होतील, दुभाष्यांना काम मिळेल. पण विगोमधल्या पाच वर्षांच्या मुलाशी घरी कोण कोणत्या भाषेत बोलते, हे त्या बैठकीत ठरणार नाही. चरख्याशेजारी बसून अक्षरे शिकवणाऱ्या लिथुआनियन आईपुढे झारचा हुकूम लंगडा पडला होता. गॅलिशियात आज असा कोणताही हुकूम नाही. तिथल्या आईवडिलांना रोजच्या बोलण्यात निवड करायची आहे आणि गॅलिशियनचे पुढचे आकडे त्यावरच अवलंबून असतील.